सेकंदाचा पंधरावा हिस्सा

एका मानसशास्त्रज्ञाच्या पुस्तकात तिचं नाव मेरी असं दिलेलं आहे. खरं नाव अर्थातच निराळं. वय ४२, गृहिणी. मुलं मोठी होऊन आपापल्या मार्गाला लागलेली, नवरा कामात बुडालेला, आणि आपली आता कुणालाच गरज उरली नाही या विचाराने ती पोखरून निघालेली. आत्महत्येच्या प्रयत्नानंतर तिला मनोरुग्णालयात दाखल केलं होतं. औषधं आणि गटोपचार सुरू झाले. तीनेक आठवड्यांनी ती डॉक्टरांसमोर बसली तेव्हा प्रसन्न दिसत होती. आता पुष्कळ बरं वाटतं, शनिवार-रविवार घरी जाऊन येऊ का, असं तिने विचारलं. नाही म्हणावं असं डॉक्टरांना काही दिसलं नाही. प्रत्यक्ष घरी जाण्याआधी मात्र तिने आपण होऊन सांगून टाकलं : बरं वगैरे काही वाटत नव्हतं, देखरेखीतून सुटून जीव देता यावा एवढ्यासाठीच रजा हवी होती.

ती मुलाखत फिल्मवर टिपलेली होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या लँग्ली पोर्टर मनोरुग्ण संस्थेत पॉल एकमन नावाचे तरुण मानसशास्त्रज्ञ १९६० च्या दशकात हावभावांचा अभ्यास करत होते आणि रुग्णांच्या अशा बारा-बारा मिनिटांच्या मुलाखती त्यांच्या संग्रहात होत्या. शिकाऊ मनोविकारतज्ज्ञांना ते शिकवत. रुग्ण ‘मी आता बरा आहे’ म्हणतो तेव्हा तो खरं बोलतोय की सुटका करून घेतोय हे ओळखायचं कसं, हा त्या शिकाऊ डॉक्टरांचा प्रश्न. एकमन १४ वर्षांचे असताना त्यांच्या आईने मानसिक आजारात स्वतःचं आयुष्य संपवलं होतं. हा प्रश्न त्यांनी वर्गातल्या वर्गात सोडून देणं अवघडच होतं.

एकमन आणि त्यांचे सहकारी वॉलेस फ्रीझन यांनी मेरीची फिल्म काढली. नेहमीच्या वेगाने पाहिली तर काही हाती लागेना. मुरलेले मनोविकारतज्ज्ञही ती पाहून फसत. मग दोघांनी ती संथ गतीने, पुढे-मागे करत, शेकडो तास पाहिली. अखेर एका जागी सापडलं. पुढचे काय बेत आहेत, असं डॉक्टर विचारतात आणि मेरी उत्तर देण्याआधी जराशी थांबते. त्या थांबण्यात तिच्या चेहऱ्यावर घोर निराशा उमटते आणि डोळ्याचं पातं लवण्याच्या आत हसण्याखाली झाकली जाते. एक जागा दिसल्यावर आणखी दिसू लागल्या.

इथेच एक गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यातून घडलं. मेरी खोटं बोलली होती हे फिल्म पाहणाऱ्यांना आधीच ठाऊक होतं. तिनेच ते सांगितलं होतं. उत्तर हातात घेऊन ते खूण शोधत होते. खूण हातात घेऊन उत्तर शोधायला बसणं हा अगदी वेगळा उद्योग आहे.

निसटत्या भावांची चाहूल त्याआधीही लोकांना लागलेली होती. द्युशेन या फ्रेंच वैद्याने विजेच्या साहाय्याने चेहऱ्याचे एकेक स्नायू आकसवले आणि त्यांची छायाचित्रं १८६२ मध्ये प्रसिद्ध केली. त्यातली काही घेऊन डार्विनने १८७२ मध्ये माणसाच्या आणि प्राण्यांच्या भावाविष्कारावर ग्रंथ लिहिला. जे स्नायू इच्छेला फारसे जुमानत नाहीत तेच दडपलेली भावना उघडी पाडतात, ही कल्पना त्या ग्रंथात आहे. आपल्याकडे नाट्यशास्त्राने तेहतीस व्यभिचारी भावांच्या यादीत ‘अवहित्थ’ला, म्हणजे आतला भाव लपवण्याच्या खटाटोपालाच, स्वतंत्र जागा दिलेली आहे. नटाने लपवणं दाखवायचं आणि प्रेक्षकाने ते ओळखायचं. भरतमुनींना यात काही अडचण वाटली नसावी. त्यांच्या प्रेक्षकाला कथा ठाऊक असायची.

आधुनिक शोधाचा मान मात्र अर्नेस्ट हॅगार्ड आणि केनेथ आयझॅक्स या दोघांकडे जातो. मानसोपचाराच्या बैठकांच्या फिल्म ते संथ गतीने पाहत होते. हेतू वेगळाच होता : रुग्ण आणि उपचारक यांच्यात शब्दांवाचून काय चालतं ते पाहायचं. पाहता पाहता त्यांना असे भाव सापडले की जे नेहमीच्या वेगात कुणाच्या नजरेला पडत नव्हते. सेकंदाला २४ चौकटींच्या फिल्ममध्ये ते सेकंदाचा पाचवा हिस्सा, म्हणजे जेमतेम पाच चौकटी, टिकत. १९६६ मध्ये त्यांनी याबद्दल लिहिलं तेव्हा दोन मतं मांडली. एक, हे भाव रुग्णाने जाणूनबुजून लपवलेले नसतात. मनाने आतल्या आत दडपलेल्या, त्याच्या स्वतःच्याही ध्यानात न आलेल्या भावनांच्या त्या खुणा असतात. दोन, प्रत्यक्ष संभाषणाच्या वेगात ते दिसू शकत नाहीत.

एकमन आणि फ्रीझन यांना दोन्ही मान्य नव्हतं. माणूस जाणूनबुजून लपवतो तेव्हाही असा भाव फुटतो, असं त्यांनी १९६९ च्या निबंधात मांडलं. शरीरातून भावना ‘गळते’ हा शब्दप्रयोग तिथलाच. आणि शिकवलं तर डोळ्याला तो भाव जागच्या जागी पकडताही येतो, असं त्यांचं म्हणणं होतं. प्रशिक्षणाच्या साधनांचा पुढचा इतिहास या दुसऱ्या दाव्यातून सुरू होतो.

पण शिकवायचं तर आधी धडे हवेत, आणि धड्यांसाठी मुळाक्षरं. चेहऱ्याची मुळाक्षरं कुणी नीट लिहून काढलेली नव्हती. कार्ल-हर्मन यॉर्टशो या स्वीडिश शरीररचनातज्ज्ञाने सुरुवात करून ठेवली होती, तिच्यावर एकमन-फ्रीझननी इमारत उभारली. आरसा समोर ठेवून दोघे बसत आणि एकेक स्नायू सुटा हलवायला शिकत. भुवईचं फक्त आतलं टोक वर उचलायचं, बाहेरचं नाही. ओठाचा एकच कोपरा दाबायचा. नाक मुरडायचं पण वरचा ओठ जागचा हलू द्यायचा नाही. कोणता स्नायू हलतो आहे याबद्दल खात्री नसली की त्या स्नायूत सुई टोचून वीज सोडायची आणि काय हलतं ते पाहायचं. सहा-सात वर्षं हे चाललं. दिवसचे दिवस दुःखाचे आणि संतापाचे चेहरे करून दोघांनाही घरी जाताना विनाकारण उदास वाटे. चेहरा नुसता केला तरी शरीर त्याच्यामागे जातं की काय, अशी शंका त्यातून आली. तिचा पाठपुरावा करून रॉबर्ट लेव्हनसन यांच्यासह केलेला प्रयोग १९८३ मध्ये ‘सायन्स’मध्ये छापून आला. मला या सगळ्या हकिगतीतला हा भाग सर्वांत आवडतो. पुढच्या विमानतळाच्या भानगडींपेक्षा आरशासमोर तोंडं वेंगाडत बसलेले दोन प्राध्यापक अधिक विश्वासार्ह वाटतात.

१९७८ मध्ये ही संहिता प्रसिद्ध झाली. प्रत्येक हालचालीला एक क्रमांक : एक म्हणजे भुवईचं आतलं टोक वर, चार म्हणजे भुवया खाली आणि जवळ, बारा म्हणजे ओठांचे कोपरे वर ओढलेले. सहा आणि बारा एकत्र आले, म्हणजे गाल चढून डोळ्यांभोवतालचा स्नायूही आवळला गेला, तर ते मनापासूनचं हसू मानायचं. या पद्धतीत ‘राग’ किंवा ‘लाज’ असे शब्द नाहीत. काय हलतं तेवढंच ती सांगते. का हलतं ते सांगत नाही. ती शिकायला सुमारे शंभर तास लागतात आणि एका मिनिटाच्या फिल्मची नोंद करायला तासाहून अधिक वेळ जातो. पोलिसाला किंवा परिचारिकेला हे कसं परवडणार?

त्यांच्यासाठी छोटी चाचणी हवी होती. १९७० च्या दशकात एकमन-फ्रीझननी क्षणदर्शक यंत्रावर एक तयार केली : पडद्यावर चेहऱ्याचं छायाचित्र निमिषभर झळकायचं आणि पाहणाऱ्याने भाव सांगायचा. तिच्यात एक खोट होती. चित्र गेलं तरी त्याची छाप डोळ्यात रेंगाळते, त्यामुळे चेहरा दाखवला त्याहून जास्त वेळ ‘दिसत’ राहतो. डेव्हिड मात्सुमोतो आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत यावर साधा तोडगा होता. आधी व्यक्तीचा निर्विकार चेहरा, मग त्याच व्यक्तीचा भाव सेकंदाच्या पाचव्या ते पंधराव्या हिश्श्यापुरता, आणि लगेच पुन्हा तोच निर्विकार चेहरा. शेवटचा चेहरा मधल्याची छाप पुसून टाकतो, आणि पाहणाऱ्याला कुणीतरी भाव दाखवून लगेच आवरल्यासारखं वाटतं. जपानी आणि गोरे, स्त्रिया आणि पुरुष, असे चेहरे त्यात मुद्दाम मिसळलेले होते.

दरम्यान खोटं ओळखणाऱ्यांचीही परीक्षा झाली होती. परिचारिका होऊ घातलेल्या विद्यार्थिनींना दोन प्रकारच्या फिल्म दाखवल्या : निसर्गाची रम्य दृश्यं, किंवा भाजलेल्या आणि अवयव कापलेल्या रुग्णांची दृश्यं. काहींनी भयंकर दृश्य पाहतानाही आपण फुलं पाहतो आहोत असं मुलाखतकाराला हसतमुखाने सांगायचं. या मुलाखती एकमन आणि मॉरीन ओ’सलिव्हन यांनी ५०९ जणांना दाखवल्या. त्यांत पोलीस, न्यायाधीश, मनोविकारतज्ज्ञ आणि गुप्तहेर खात्यांतली माणसं होती. १९९१ मध्ये निकाल छापून आला तेव्हा बऱ्याच जणांची अब्रू गेली. नाणं उडवून मिळावं त्यापेक्षा खात्रीने चांगलं यश एकाच गटाला मिळालं : राष्ट्राध्यक्षांचं संरक्षण करणाऱ्या सीक्रेट सर्व्हिसच्या लोकांना, आणि तेही सुमारे ६४ टक्के. आत्मविश्वास मात्र सगळ्यांकडे भरपूर होता.

यानंतरची एक हकिगत आपल्या देशाशी जोडलेली आहे. मार्च २००० मध्ये धरमशालेत दलाई लामांसोबत शास्त्रज्ञांची बैठक झाली, एकमन तिथे होते. नंतर त्यांनी अनेक वर्षं ध्यान केलेल्या दोघांची क्षणिक भाव ओळखण्याची परीक्षा घेतली. दोघांनी त्यापूर्वी तपासलेल्या हजारो जणांना मागे टाकलं, सीक्रेट सर्व्हिसवाल्यांनाही. अर्थात दोन माणसांवरून कशाचाही सिद्धान्त होत नाही.

या सगळ्यातून २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत एकमन यांचं प्रशिक्षणाचं साधन बाजारात आलं. संगणकात एक सीडी घालायची आणि तासाभरात उरकायचं. आधी परीक्षा. मग संथ गतीत धडे, आणि ते नेहमी गफलत होणाऱ्या जोड्यांचे. आश्चर्यात भुवया कमानीसारख्या वर जातात. भीतीत त्या वर जातातच पण एकमेकींकडे ओढल्याही जातात आणि ओठ कानाच्या दिशेने ताणले जातात. रागात भुवया खाली येतात, ओठ आवळले जातात. किळस आली की नाक मुरडतं आणि वरचा ओठ उचलला जातो. तुच्छतेत ओठाचा एकच कोपरा घट्ट होतो. मग सराव, उजळणी, आणि शेवटी पुन्हा परीक्षा. गुण वाढलेले दिसायचेच, बहुतेकांचे.

यात लबाडी नव्हती. शिकवलेलं कौशल्य खरोखर शिकता येत होतं, हे इतरांनीही पाहिलं. मात्सुमोतो आणि हाय सुंग ह्वांग यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कोरियातल्या एका मोठ्या दुकानातल्या कर्मचाऱ्यांना असं प्रशिक्षण दिलं, आणि त्यांच्या वागण्या-बोलण्याबद्दल वरिष्ठांचं मत नंतर सुधारलेलं आढळलं. पण सीडी विकत घेणारे बहुतेक जण गिऱ्हाइकाची नाराजी ओळखायला ती घेत नव्हते. त्यांना खोटारडा पकडायचा होता. आणि ११ सप्टेंबर २००१ नंतर असं सर्वांत मोठं गिऱ्हाईक होतं अमेरिकेचं सरकार.

विमानतळांवर संशयित प्रवासी हावभावांवरून हेरण्याचा कार्यक्रम २००३ मध्ये बॉस्टनच्या लोगन विमानतळावर अजमावून पाहिला गेला आणि २००७ पासून देशभर पसरला. त्याची घडण करताना एकमन यांचा सल्ला घेतला होता. रांगेतल्या प्रवाशाकडे पाहून अधिकाऱ्याने मनात गुण मोजायचे. ठरावीक बेरीज झाली की त्याला बाजूला घ्यायचं. त्या गुणांची यादी २०१५ मध्ये वृत्तमाध्यमात फुटली, आणि तिच्यात मोठमोठ्या जांभया देणं आणि शीळ घालणं हेही निघालं. पहाटे चारचं विमान पकडणारा कुठला माणूस यातून सुटेल?

गंमत अशी, की या सापळ्याचा इशारा एकमन यांनी स्वतःच १९८५ च्या पुस्तकात देऊन ठेवला होता. त्याला त्यांनी ‘ऑथेल्लोची चूक’ म्हटलं. डेस्डेमोना घाबरते हे ऑथेल्लोला बरोबर दिसतं. ती का घाबरली याचं त्याने लावलेलं कारण चुकतं. आपलं कुणी ऐकणार नाही म्हणून ती घाबरलेली असते, आणि तो ते पापाचं भय समजतो. ‘खाई त्याला खवखवे’ ही म्हण रचणाऱ्याने न खाणाऱ्यालाही खवखवू शकतं हे लक्षात घेतलं नव्हतं. गणवेशातल्या माणसाने रोखून पाहिलं की निरपराध माणसाच्या पोटातही गोळा येतो. त्याचं नाव किंवा कातडीचा रंग त्या गणवेशाला न आवडणारा असेल तर जास्तच. पुस्तकात हे होतं. रांगेजवळ उभ्या असलेल्या अधिकाऱ्याच्या हातात पुस्तक नव्हतं, गुणांची बेरीज होती.

जानेवारी २००९ मध्ये फॉक्स वाहिनीवर ‘लाय टू मी’ ही मालिका सुरू झाली. टिम रॉथने रंगवलेला त्यातला डॉक्टर लाइटमन एकमन यांच्यावर बेतलेला होता आणि एकमन मालिकेचे शास्त्रीय सल्लागार होते. लाइटमन समोरच्याच्या ओठाचा कोपरा हलताना पाहतो आणि खुनी सापडतो. टिमथी लिवाइन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ती पाहणाऱ्यांची परीक्षा घेतली. मालिका पाहून खोटं ओळखण्याची क्षमता वाढली नव्हती. संशय मात्र वाढला होता. खरं बोलणारेही प्रेक्षकांना खोटे वाटू लागले होते.

तोवर मूळ गृहीतकाचीच झडती सुरू झाली होती. कॅनडातल्या डलहौझी विद्यापीठात स्टीफन पोर्टर आणि लीआन टेन ब्रिंकी यांनी लोकांना भावना उठवणारी चित्रं दाखवली आणि खरा, खोटा किंवा कोरा चेहरा करायला सांगितलं. मग फिल्मची एकेक चौकट तपासली. २००८ मध्ये त्यांनी हिशेब मांडला : ६९७ भावाविष्कारांमध्ये पूर्ण चेहऱ्यावर उमटलेला क्षणिक भाव एकही नाही. चेहऱ्याच्या नुसत्या वरच्या किंवा नुसत्या खालच्या भागात उमटलेले १४, आणि त्यातले काही खोटं न करणाऱ्यांच्या चेहऱ्यांवरही. भाव गळतात हे खरं ठरलं, पण इतके क्वचित आणि इतके अर्धवट की त्यांच्यावर पहारा बसवणं कठीण. प्रयोगशाळेतल्या खोट्यात माणसाचं काही पणाला लागलेलं नसतं, असा एकमन यांचा प्रतिवाद होता. तो अगदीच फोल नाही. मेरीच्या फिल्ममध्ये जीव पणाला लागलेला होता. पण आपल्या पद्धतीचा सगळा तपशील इतर देशांच्या हाती लागू नये म्हणून आपण तो प्रसिद्ध करत नाही, असंही ते म्हणू लागले, तेव्हा तपासणाऱ्यांच्या हातात काही उरेना. सिद्ध करण्याचं ओझं ज्याच्यावर असतं त्याला ही पळवाट शोभत नाही.

अमेरिकी संसदेच्या हिशेबतपासनीस कार्यालयाने २०१० मध्ये म्हटलं की विमानतळांवरचा कार्यक्रम शास्त्रीय पडताळणीआधीच राबवला गेला. २०१३ च्या अहवालाने आकडा दिला : २००७ पासून सुमारे ९० कोटी डॉलर. चारशेहून अधिक अभ्यासांचा एकत्रित निष्कर्षही त्यात उद्धृत होता. हावभावांवरून खोटं ओळखण्यात माणसाचं यश योगायोगाइतकंच किंवा किंचितच जास्त असतं. या कार्यक्रमावरचा खर्च आटोक्यात ठेवावा, अशी शिफारस त्यांनी केली. २०१९ मध्ये सारा जॉर्डन आणि सहकाऱ्यांनी थेट प्रशिक्षणाचं साधनच तपासलं. ९० जणांचे तीन गट : एकाला खरं प्रशिक्षण, दुसऱ्याला थोतांड प्रशिक्षण, तिसऱ्याला काहीच नाही. खोटं ओळखण्यात पहिला गट इतर दोघांपेक्षा सरस ठरला नाही.

इस्पितळात मात्र याच साधनाची कामगिरी वेगळी दिसते. लंडनमध्ये टमारा रसेल आणि सहकाऱ्यांनी स्किझोफ्रेनिया असलेल्या २० रुग्णांना ते शिकवलं. या आजारात समोरच्याच्या चेहऱ्यावरचे भाव वाचणं अनेकांना जड जातं आणि त्यातून रोजच्या व्यवहारात गैरसमज वाढतात. एका बैठकीतल्या प्रशिक्षणानंतर त्यांचे गुण वाढले. प्रशिक्षणाआधी निरोगी गटाचे जितके होते साधारण तितके झाले. हा अभ्यास २००६ चा, म्हणजे विमानतळावरचा कार्यक्रम देशभर जाण्याआधीचा. त्याच्यावर मालिका कुणी काढली नाही.

शिकणारा विद्यार्थी आता बराचसा बदलला आहे. निसटते भाव टिपायला आज संगणकाला शिकवतात, आणि त्याला शिकवायला चेहऱ्यांचे साठे लागतात. माणसांकडून असे भाव हुकमी काढून घ्यायचे कसे, हा त्यातला पेच. फिनलंडमधल्या औलू विद्यापीठाच्या संशोधकांनी लोकांना भावना उठवणाऱ्या फिल्म दाखवल्या आणि चेहऱ्यावरची माशीही हलू देऊ नका असं बजावलं. भाव दिसला तर पाचशेहून अधिक प्रश्नांची कंटाळवाणी प्रश्नावली भरावी लागेल, ही शिक्षा. बीजिंगमध्ये चीनच्या विज्ञान अकादमीतल्या फू श्याओलान यांच्या गटाने सेकंदाला २०० चौकटी टिपणारा कॅमेरा लावला. जवळजवळ तीन हजार हालचालींतून निवडून काढलेले २४७ क्षणिक भाव त्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. प्रत्येकावर आनंद, किळस, आश्चर्य, दडपलेला भाव अशी चिठ्ठी लावायची होती. त्यासाठी स्नायूंचे क्रमांक पाहिले, त्या वेळी कोणती फिल्म सुरू होती ते पाहिलं, आणि ज्याचा चेहरा त्यालाही विचारलं. एवढं करूनही सर्वांत मोठा गट ज्या चिठ्ठीखाली जमा झाला, तिच्यावर ‘इतर’ असं लिहिलेलं आहे.